टेलिफोन डिरेक्टरीतली नावे

अमेरिकेत बाहेरून आलेल्या एखाद्याच्या हातून खून झाला आणि वर्तमानपत्रांत, टीव्हीवर त्याचे वादळ उठले, की आपल्या मंडळींच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते. "आपला काय संबंध? आपण रीतसर आलो, शिकलेले आहोत, कर भरतो." २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केट स्टाइनली ही तरुणी गोळी लागून गेली, गोळी सुटली तो माणूस पाच वेळा देशाबाहेर घालवलेला होता, तेव्हा मी हे वाक्य ऐकले. २०२४ मध्ये जॉर्जियात लेकन रायली या नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा खून झाला, तेव्हाही ऐकले. जेवणाची ताटे हातात असतात, कोणीतरी श्रीखंड वाढत असते, आणि हे वाक्य उच्चारले की विषय संपतो. ऐकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो.

वाक्य खोटे नाही. आपण बहुतेक जण रीतसरच आलो, १९६५ च्या कायद्याने दार उघडले म्हणून आलो, आणि डिग्री होती म्हणून आत घेतले गेलो. माझा आक्षेप आहे तो हे वाक्य ढाल म्हणून वापरण्याला. ही ढाल गरजेच्या वेळी कधी उपयोगी पडली, याचा शोध घेऊ गेले तर हाती फारसे काही लागत नाही. उलट जे लागते ते फार बोचणारे आहे.

ज्यांचे इथले आयुष्य एच-वन-बीच्या लाटेनंतर सुरू झाले, त्यांतल्या अनेकांना जर्सी सिटीची हकिकत ठाऊक नसते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. १९८७ च्या उन्हाळ्यात 'जर्सी जर्नल' या तिथल्या दैनिकात एक पत्र छापून आले. खाली सही होती 'डॉटबस्टर्स'. 'घोस्टबस्टर्स' हा सिनेमा तीन वर्षांपूर्वीच येऊन गेला होता, त्यावरून बेतलेले नाव. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरचे कुंकू. भारतीयांना जर्सी सिटीतून हुसकावण्यासाठी आम्ही वाटेल त्या थराला जाऊ, असा पत्राचा आशय होता. माणसे कशी शोधतो तेही त्यात होते: टेलिफोन डिरेक्टरी उघडायची आणि पटेल आडनाव बघायचे. (गुजराती मंडळींच्या वाट्याला हे आले, कारण एकाच आडनावाची इतकी घरे त्यांचीच. जोशी, पाटील, कुलकर्णी त्या मानाने पानोपानी विखुरलेले. वाचण्याचे हेही एक कारण असू शकते!)

सप्टेंबरच्या २७ तारखेला, शेजारच्याच होबोकेनमध्ये, नवरोज मोदी नावाच्या ३० वर्षांच्या तरुणाला पोरांच्या एका टोळक्याने बेदम मारले. काही दिवसांनी तो हॉस्पिटलात वारला. तो सिटीकॉर्पमध्ये अधिकारी होता. पाठोपाठ जर्सी सिटीत एका भारतीय डॉक्टरांना भर रस्त्यात असेच मारण्यात आले, ते कित्येक दिवस बेशुद्ध होते. मोदी प्रकरणात चौघांवर मारहाणीचे गुन्हे शाबीत झाले, खुनाचा एकावरही नाही. डॉक्टरांच्या प्रकरणात केंद्र सरकारने नागरी हक्कांच्या कायद्याखाली खटला भरला, पहिल्यांदा ज्यूरीचे एकमत झाले नाही, आणि दुसऱ्या खटल्यात, १९९३ मध्ये, आरोपी निर्दोष सुटले.

आता त्या काळी जी चर्चा झाली तिच्याकडे पाहू. हिंसा वाईटच, पण हे लोक इथल्यांत मिसळत नाहीत, हा तिचा एक सूर. जर्सी सिटी हे रेल्वेचे आणि कारखान्यांचे जुने गाव. कारखाने बंद पडत गेले, गोऱ्यांची जुनी घराणी निघून गेली, जी राहिली त्यांच्या डोळ्यांदेखत नूअर्क अॅव्हेन्यूवर साड्यांची, मिठायांची, किराणा मालाची दुकाने उभी राहिली. त्यांचा जळफळाट समजू शकतो. पण मिसळण्याचा जो सल्ला आपल्याला मिळाला तो तपासून पाहण्यासारखा आहे. त्या दिवसांत कित्येक बायकांनी घराबाहेर पडताना कुंकू पुसले, साडी टाळली. आणि जो जिवानिशी गेला तो कोण होता? तो पारशी. कपाळावर कुंकू असण्याचा प्रश्नच नव्हता. 'हिंदू' हा शब्द त्या पत्रात होता, आणि तो त्याला लागूही नव्हता. त्या रात्री तो एका गोऱ्या अमेरिकन मित्राबरोबर बाहेर पडला होता. म्हणजे मिसळण्याचा याहून चांगला दाखला शोधून सापडायचा नाही. त्या मित्राच्या अंगाला कोणी हात लावला नाही.

बँकेतला अधिकारी आणि डॉक्टर. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाची डिग्री दिसत नाही, ग्रीन कार्ड दिसत नाही, टॅक्स रिटर्न तर नाहीच नाही. दिसतो तो रंग.

एक गोष्ट मात्र त्यातून झाली. प्रकरण अंगावर येऊ न देता शांत राहावे असे म्हणणारे वडीलधारे आपल्यात होते, पण तरुण गप्प बसले नाहीत. मोर्चे निघाले, कोलंबिया विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांनी घटनांच्या नोंदी गोळा केल्या, आणि १९९० मध्ये न्यू जर्सीत वंश, धर्म यांच्या द्वेषापोटी केलेल्या गुन्ह्यांना जास्त शिक्षा देणारा कायदा झाला. हा कायदा डॉक्टर-एंजिनिअरांसाठी वेगळा आणि इतरांसाठी वेगळा असा नाही. तो कोणाही माणसासाठी आहे, म्हणूनच त्याचा उपयोग.

डिरेक्टरीवरून मला दुसरी एक डिरेक्टरी आठवते, आणि ती आठवण काढल्याशिवाय मराठी माणसाने या विषयावर लिहू नये. १९६० मध्ये सुरू झालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकात मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येत. सदराचे नाव 'वाचा आणि थंड बसा'. ही नावे मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरीतून उचललेली असत. मराठी तरुणाला स्वतःच्या राजधानीत नोकरी मिळत नाही, हे दुःख खरे होते, त्याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. त्या याद्यांचे आणि जर्सी सिटीतल्या पत्राचे परिणामही एका तराजूत घालता येणार नाहीत. पण रीत तीच: माणूस बघायचा नाही, आडनाव बघायचे. पुढे उडुप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. २००८ च्या ऑक्टोबरात रेल्वेच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मार बसला. तेव्हा "मुंबईतले गुन्हे वाढले ते या परप्रांतीयांमुळे" असे मला अमेरिकेतल्याच एका दिवाणखान्यात सांगण्यात आले. सांगणारे गृहस्थ स्वतः तीस वर्षे परमुलखात राहत होते. हसावे की रडावे ते कळेना.

गुन्ह्यांच्या आकड्यांचे म्हणाल तर त्यांत फार काळ गुंतायचे कारण नाही, कारण निष्कर्ष जुना आहे. १९११ मध्ये डिलिंगहॅम आयोगाने आपले ४१ खंडांचे अहवाल दिले. हा आयोग बाहेरून येणाऱ्यांचा मुळीच मित्र नव्हता, त्यातून आपल्याबद्दल तर त्याचे मत सगळ्यांत वाईट होते. तरी स्थलांतरामुळे गुन्हे वाढतात याचा समाधानकारक पुरावा त्यालाही सापडला नाही. १९३१ मध्ये विकरशॅम आयोगाने तेच सांगितले. २०२३ मध्ये स्टॅनफर्डचे रॅन अब्रामित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७० पासूनच्या दीडशे वर्षांच्या जनगणना तपासल्या, तेव्हा बाहेरून आलेल्यांचे तुरुंगात असण्याचे प्रमाण इथे जन्मलेल्यांपेक्षा एकूणात कधीच जास्त आढळले नाही. "अहो, ते रीतसर आलेल्यांचे," असे यावर म्हणता येईल. टेक्सास राज्यात अटक झालेल्या प्रत्येकाची कागदपत्रे केंद्राकडून पडताळली जातात, त्यामुळे तिथे हे वेगळे काढता येते. त्या नोंदींवरचा २०२० चा अभ्यास सांगतो की गंभीर गुन्ह्यांसाठी अटक होण्याचे प्रमाण बिनकागदांच्या लोकांतही इथल्या नागरिकांपेक्षा कमी होते.

पण आकडे फेकून वाद जिंकू पाहणाऱ्या मंडळींशीही माझे भांडण आहे. ज्या आईची मुलगी गेली तिच्यासमोर टक्केवारी मांडणे हा निर्दयपणा आहे. पाच वेळा घालवलेला माणूस सहाव्यांदा कसा आला आणि तुरुंगातून कसा सुटला, हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्याला लगेच द्वेष्टा म्हटले की तो माणूस द्वेष्ट्यांच्याच दारात जाऊन बसतो. एका बाजूकडे फक्त नाव आणि फोटो, दुसरीकडे फक्त आकडा. स्टाइनली प्रकरणात गोळी जमिनीवरून उसळून लागली होती आणि ज्यूरीने २०१७ मध्ये त्या माणसाला खुनाच्या आरोपातून सोडले, हे ऐकायला तोवर कोणाला सवड उरली नव्हती.

या धुमाळीत कायदे होतात, आणि ते कोणाला लागू पडतात हे आपण वाचत नाही. लेकन रायलीच्या नावाचा कायदा २९ जानेवारी २०२५ रोजी झाला. बिनकागदांच्या माणसावर दुकानातल्या किरकोळ चोरीचा नुसता आरोप आला, तरी त्याला डांबून ठेवणे त्याने सक्तीचे केले. गुन्हा शाबीत होण्याची अट नाही. "ते त्यांच्यासाठी," आपण म्हणणार. मग १९९६ चा कायदा आठवा. त्याने ग्रीन कार्डवाल्यांनाही देशाबाहेर घालवण्याची कारणे कितीतरी वाढवली, चोरीच्या गुन्ह्यात वर्षाची शिक्षा झाली आणि ती न भोगता स्थगित राहिली तरी ती धरली जाऊ लागली, आणि जुने गुन्हेही त्यात ओढले गेले. आपल्यातले किती जण वीस-वीस वर्षे ग्रीन कार्डावर राहतात, भारतातल्या जमिनीचे काय होईल या काळजीने नागरिकत्व घेत नाहीत!

आणि बिनकागदांचे म्हणजे दुसरेच कोणीतरी, हेही खरे नाही. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या अंदाजात अशा लोकांत भारतीयांचा क्रमांक मेक्सिको आणि एल साल्वादोरच्या खालोखाल, तिसरा होता. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे विमान १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरले. त्यांत हरियाणा, गुजरात, पंजाबचे लोक बहुसंख्य होते. महाराष्ट्रातले तिघे होते. त्या तिघांबद्दल आपल्या मंडळांत कोणी काही बोलल्याचे निदान माझ्या कानावर आले नाही.

'आपण त्यातले नाही' या वाक्याची आणखी एक किंमत आहे आणि ती घरातली माणसे मोजतात. १९८५ मध्ये न्यू जर्सीत काही बायकांनी 'मानवी' ही संस्था काढली, नवऱ्याचा मार खाणाऱ्या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी. अमेरिकेतली या प्रकारची ती पहिली संस्था. चार वर्षांनी न्यू यॉर्कमध्ये 'सखी' निघाली. "आपल्या शिकलेल्या लोकांत असे होत नाही" हे उत्तर त्या कामाच्या संदर्भात मी स्वतः ऐकलेले आहे, आणि तेही अशा घरात की जिथल्या सूनबाई जेवण होईपर्यंत स्वयंपाकघराबाहेर आल्या नाहीत. गुन्हा म्हणजे इतरांचा, हे एकदा ठरले की आपल्या घरातल्या गुन्ह्याला नावच उरत नाही. पोलिसांना फोन केला तर 'आपल्या लोकांचे' नाव खराब होईल, अशी भीती त्या बाईला घातली जाते. तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असला तर भीती घालण्याचीही गरज पडत नाही.

त्या बांधलेल्या व्हिसावरून शेवटचे सांगतो. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्ससमधल्या ओलेथे गावी श्रीनिवास कुचीभोटला या गार्मिन कंपनीतल्या एंजिनिअरला एका बारमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्याने त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला इराणी समजून, तुम्ही या देशात कसे, असे विचारले होते. इयान ग्रिलॉट हा तिथला गोरा तरुण त्याला धरायला धावला आणि स्वतः गोळी खाऊन बसला. ह्यूस्टनच्या भारतीयांनी पुढे त्याला घर घेता यावे म्हणून एक लाख डॉलर जमवले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. कुचीभोटला रीतसर आले होते, शिकलेले होते, कर भरत होते. अंत्यविधीसाठी त्यांच्या पत्नी भारतात गेल्या, आणि तिथे त्यांना कळले की आपला अमेरिकेत राहण्याचा हक्क नवऱ्याच्या कागदांवर होता, तो नवऱ्याबरोबरच संपला. केव्हिन योडर या तिथल्या रिपब्लिकन काँग्रेस सदस्याने खटपट केली, तेव्हा कुठे त्यांना परत येण्याची तात्पुरती परवानगी मिळाली.