यशाचे ग्रंथ आणि ठाकुरवाडीचा वाचक

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत ठाकुरवाडी या नांवाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. त्यांपैकीं कर्जतेकडील एका वाडींतल्या तरुणांनीं शाळेच्या जुन्या खोलींत एक लहानसें वाचनालय उघडलें आहे. त्यांतील एक जण आमचा विद्यार्थी. लोकांनीं देणगीदाखल दिलेल्या पुस्तकांचा गठ्ठा तो आमच्याकडे घेऊन आला व म्हणाला, "सर, यांतलीं कोणतीं ठेवायचीं तें तुम्हींच सांगा." गठ्ठ्यांत तीस-बत्तीस पुस्तकें होतीं. कादंबऱ्या चार, स्तोत्रांचीं पुस्तकें तीन, आणि बाकीचीं सारीं एकाच जातीचीं: मन कसें घडवावें, अपयशांतून कसें उठावें, बाजारांत मागणी असलेलें कौशल्य कसें हस्तगत करावें, आणि यश कसें मिळवावें, हें शिकविणारीं. आमचे टीकाकार या वर्गाच्या लेखनास सहसा हात लावीत नाहींत. त्यांत वाङ्मयगुण तो काय, असें ते विचारतात. परंतु जें वाङ्मय स्टेशनाच्या फलाटापासून डोंगरावरच्या वाडीपर्यंत पोहोंचतें, त्याची परीक्षा करण्याचें टीकाकारानें नाकारल्यास ती करावी कोणीं? आम्हीं पंधरा दिवस खर्चून तो गठ्ठा वाचला. त्यावरून बनलेलें आमचें मत येथें मांडतों.

एक कबुली आरंभींच दिली पाहिजे. अध्यापनाच्या पंचवीस वर्षांत असलीं पुस्तकें आम्हीं स्वतः कित्येक विद्यार्थ्यांच्या हातीं दिलीं आहेत. त्यांपैकीं एक याच भागांतील ठाकूर जमातीचा मुलगा होता. वाडीपासून स्टेशनापर्यंत तो तासभर चालत येई, गाडीनें कॉलेजांत पोहोंचे, आणि संध्याकाळीं अंधारांत तोच रस्ता पुन्हां चढे. पदवीनंतरच्या एका अभ्यासक्रमास त्याला जागा मिळाली. परंतु जमातीच्या दाखल्याची पडताळणी एका कार्यालयांत अडकली, मुदत टळली आणि जागा गेली. 'ठाकूर' हें जमातीचें नांव आहे, तसेंच तें इतरांच्या आडनांवांतही आढळतें. त्यामुळें या दाखल्यांविषयीं वर्षानुवर्षें वाद चालत आले आहेत. अर्जदारास जमातीच्या चालीरीति किती सांगतां येतात, हीच एक निर्णायक कसोटी मानतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ठाकूर जमातीच्याच एका संस्थेच्या प्रकरणांत मार्च २०२३ मध्यें सांगितलें. आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट त्याच्या पूर्वींची. तो भेटावयास आला तेव्हां त्यानें त्या कार्यालयाचा उल्लेखही केला नाहीं. "सर, माझीच जिद्द कमी पडली," इतकेंच तो म्हणाला. हें वाक्य त्याचें नव्हतें. आम्हीं दिलेल्या पुस्तकांतून तें त्याच्या तोंडीं आलें होतें.

या वर्गाच्या ग्रंथांचें मूळ शोधूं गेल्यास आपण सॅम्युअल स्माइल्स यांच्या १८५९ सालच्या 'सेल्फ-हेल्प' या पुस्तकापाशीं येऊन थांबतों. स्वावलंबनाचें आद्य पुस्तक म्हणून त्याची कीर्ति आहे. पण त्याच्या जन्माची कथा फारशी कोणी सांगत नाहीं. इंग्लंडांतील लीड्स शहरीं कांहीं गरीब तरुण कामकरी हिंवाळ्याच्या रात्रीं एकत्र जमून एकमेकांस लिहावयास, वाचावयास व हिशेब करावयास शिकवीत. संख्या वाढली तेव्हां त्यांनीं, पूर्वीं पटकीच्या रोग्यांसाठीं वापरलेली म्हणून दुसरा कोणी घेईना अशी, एक जागा भाड्यानें घेतली. त्यांच्यापुढें दिलेल्या व्याख्यानांतून हा ग्रंथ वाढला. म्हणजे आपल्या पायांवर उभें राहावयास सांगणारें हें पुस्तक एकमेकांचा हात धरलेल्या माणसांत जन्मास आलें. पुढें १८६६ च्या आवृत्तींत खुद्द स्माइल्स यांना खुलासा करावा लागला कीं, नांवावरून लोक या पुस्तकास स्वार्थाची स्तुति समजतात तें बरोबर नव्हे. शेजाऱ्यास मदत करण्याचें कर्तव्य स्वतःस मदत करण्यांत येऊनच जातें. हा खुलासा त्यांच्या अनुयायांनीं वाचला नसावा. नेपोलियन हिल यांचें 'थिंक अँड ग्रो रिच' १९३७ सालीं, अमेरिकेंत मंदीनें लाखों लोकांस बेकार केलें असतां निघालें. आणि विचार पालटला कीं संपत्ति मागोमाग येते, हा त्याचा बोध आहे. गठ्ठ्यांतील बहुतेक मराठी पुस्तकें याच घराण्यांतलीं. लीड्सची ती भाड्याची खोली त्यांतून नाहींशी झाली आहे आणि वाचक एकटा आरशापुढें उभा राहिला आहे.

तेव्हां असल्या पुस्तकाची पारख करावयाची ती कशावरून? आमच्या मतें दोन प्रश्न पुरेसे आहेत. नायकास कोणकोणत्या दारांतून जावें लागलें व तीं कोणीं उघडलीं अगर लाविलीं, हें पुस्तकांत नमूद आहे काय? आणि त्याच दारापाशीं त्याच्याबरोबर आणखी किती जण उभे होते, याचा अंदाज वाचकास येतो काय? हीं दोन उत्तरें जेथें मिळतात तें पुस्तक वाचकास बळ देतें. जेथें मिळत नाहींत तेथें तें यशस्वी माणसाची आरती करतें, आणि अयशस्वी वाचकाच्या माथीं अपराध मारतें.

धोंडो केशव कर्वे यांचें १९१५ सालचें 'आत्मवृत्त' या कसोटीवर लावून पाहावें. सतराव्या वर्षीं, ऐन पावसाच्या दिवसांत, मुरुडचा हा मुलगा सोबत्यांसह शंभराहून अधिक मैल चालत, सह्याद्रि ओलांडून, परीक्षेसाठीं साताऱ्यास गेला. आणि वय लहान दिसतें म्हणून त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. आजच्या एखाद्या यशोग्रंथकारानें या प्रसंगावर चिकाटीचें एक प्रकरण रचलें असतें. वस्तुतः चिकाटींत कांहींच उणें नव्हतें. उणें होतें तें परीक्षकाच्या नजरेंत. पुढें कोल्हापुरास तीच परीक्षा देऊन कर्वे उत्तीर्ण झाले, पण त्यामुळें साताऱ्याचा निर्णय योग्य ठरत नाहीं. आपल्याला शिकविणाऱ्या सोमण गुरुजींचें ऋण ते मोकळेपणानें सांगतात. अशा माणसानें पुढें १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढावें, यांत आम्हांस एक सुसंगति दिसते. दार लागण्याचा अनुभव ज्यास स्मरला, त्यानें इतरांसाठीं दारें केलीं.

अलीकडील पुस्तकांत डॉ. राजेंद्र भारूड यांचें 'मी एक स्वप्न पाहिलं' (२०१४) हें वाडींतील वाचकास सर्वांत जवळचें. लेखक धुळें जिल्ह्यांतील सामोडे गांवचे, भिल्ल जमातीचे. वडील त्यांच्या जन्मापूर्वींच वारलेले. आईनें मोहाची दारू गाळून घर चालविलें. तेथून ते नवोदय विद्यालयांत, तेथून मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि तेथून प्रशासकीय सेवेंत गेले. या पुस्तकाचें मोठेपण आईच्या चित्रणांत आहे; मुलाच्या यशांत तिचा वाटा किती, याविषयीं वाचकास शंका उरत नाहीं. म्हणजे पहिल्या प्रश्नास तें उतरतें. दुसरा प्रश्न मात्र अशा पुस्तकाच्या वाचकानें स्वतः विचारावयास हवा. नवोदय विद्यालयें साधारणतः जिल्ह्यास एक, एकेका विद्यालयांत वर्षास फार तर ८० मुलें घेतलीं जातात, राहणें-जेवणें फुकट. म्हणजे या यशाच्या पायथ्याशीं सरकारनें बांधलेली एक पायरी आहे आणि ती अरुंद आहे. एक्याऐंशीव्या मुलाची जिद्द ऐंशीव्याहून कमी होती, असें कोणीं म्हणावें?

आतां कौशल्याविषयीं. ज्याला मागणी आहे तें शिका, हा उपदेश गठ्ठ्यांतील जवळजवळ प्रत्येक पुस्तकांत आहे, आणि तो चुकीचा नाहीं. वाडींतील मुलानें वीजजोडणी, वाहन चालविणें, संगणकावरील हिशेब हीं कामें अवश्य शिकावीं. परंतु मागणी ही शिकणाऱ्याच्या मुठींत नसते, हें त्याच दमांत सांगितलें पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत माग चालविण्याचें कसब कोंकणांतील व घाटावरील कित्येक पिढ्यांनीं मिळविलें; तें कसब अव्वल दर्जाचें होतें. जानेवारी १९८२ मध्यें संप सुरू झाला, सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले, आणि त्यांतील बहुतेकांच्या कसबास पुन्हां गिऱ्हाईक मिळालें नाहीं. त्यांचे हात एका वर्षांत अडाणी झाले नव्हते. उलट बाजूही वाडींतच दिसते. पहिल्या पावसानंतर शेवळें कोठें उगवतात, कोणता कातळ निसरडा आणि कोणती वाट पाण्यानें तुटते, हें ठाकूर माणसास लहानपणापासून ठाऊक असतें. शहरांतील मंडळी गड चढण्यास येऊं लागलीं तेव्हां वाट दाखविण्याचे पैसे मिळूं लागले. ज्ञान तेंच होतें. त्यास किंमत देणारा नवा आला इतकेंच.

राहतां राहिला अपयशांतून व संकटांतून उठण्याचा धडा. खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी ही ठाकुरांचीच वस्ती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें ढिगाऱ्यांतून सांपडलींच नाहींत. वर मोटार जात नव्हती. मदतीस गेलेल्यांनीं पावसांत चालत डोंगर चढून हातांनीं माती उपसली. जीं मुलें त्या रात्रीं आश्रमशाळेंत होतीं तीं वांचलीं, आणि त्यांतील कांहींचीं घरेंदारें माणसांसह गेलीं. गठ्ठ्यांतील एका पुस्तकांत म्हटलें आहे कीं संकट ही संधिच असते. तें पान वाचतांना आम्हांस इर्शाळवाडीची आठवण झाली आणि पुस्तक खालीं ठेवावें लागलें. जीं माणसें वांचलीं तीं पुन्हां उभीं राहात आहेत, हें खरें. पण त्यांच्या उभें राहण्यांत आधीं तात्पुरता निवारा, मग चौकजवळ सिडकोनें बांधलेलीं घरें, शिधा, शाळा, आप्तांचे हात, या सर्वांचा समावेश होतो. हें वगळून केलेलें धैर्याचें वर्णन खोटें होय. आणि पुढील डोंगराखालच्या वाडीचें स्थलांतर वेळेवर करणें ज्यांचें काम आहे, त्यांस तें सोईचेंही होय.

या परिसरांत एक चरित्र असें आहे कीं तें यशोग्रंथांच्या कोणत्याच सांच्यांत बसत नाहीं. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल १९१२ सालीं माथेरानला नाभिक कुटुंबांत जन्मले, शिकले, वकील झाले. यशोग्रंथाचें शेवटचें प्रकरण येथेंच आटोपलें असतें. कोतवालांनीं मात्र वकिली मिळविल्यावर खेड्यांतून शाळा चालविल्या, शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठारें काढलीं, १९४२ च्या लढ्यांत उडी घेतली, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर हिराजी पाटलांसह देह ठेवला. त्यांचें वय तीस. हें यश कीं अपयश? ज्या मापांत हा प्रश्न विचारतांच येत नाहीं, तें माप आमच्या मतें अपुरें आहे.

असो. आम्हीं गठ्ठा परत पाठविला. एकही पुस्तक काढून टाकलें नाहीं. वाचकास आम्हीं इतकें दुबळें समजत नाहीं. 'आत्मवृत्त' आमच्याकडून घातलें, भारूडांचें पुस्तक सर्वांत वर ठेविलें, आणि वीजजोडणीचें एक सचित्र पुस्तक विकत घेऊन जोडलें. सोबत एक कोरी वही दिली. ठाकुरांविषयींचा एक मान्यवर ग्रंथ ल. ना. चापेकर यांनीं १९६० सालीं इंग्रजींत लिहिला. त्याचें मोल मोठें आहे, पण तो बाहेरच्याचा आहे. वाडींतील जो कोणी दहावी होईल, नोकरीस लागेल, किंवा नापास होऊन घरीं येईल, त्यानें त्या वहींत दोन पानें लिहावीं: आपण काय केलें, कोणीं हात दिला, आणि कोणतें दार कशामुळें लागलें. आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्यासही आम्हीं पत्र धाडलें आहे. वहीचें पहिलें पान त्यानें लिहावें, आणि त्यांत त्या कार्यालयाचा उल्लेख गाळूं नये, एवढीच आमची त्यास विनंति आहे.