बटालियन वाचताना

टेबलावर लढाया खेळणाऱ्यांच्या जगात एक तक्रार कायम ऐकू येते. शिपाई आहेत, रंग आहेत, ब्रश आहेत, पण रंगवायला हात उठत नाही. कपाटात खोकी साचतात आणि खोक्यांत राखाडी प्लास्टिक तसंच पडून राहतं. यावर सांगितले जाणारे उपायही ठरलेले आहेत. रोज अर्धा तास बसा, थोडे थोडे शिपाई घ्या, नवी खरेदी थांबवा. उपाय चांगले आहेत, पण ते वेळेचा आणि शिस्तीचा विचार करतात. माणूस कंटाळतो याचं कारण मला वेगळं वाटतं. आपल्या हातात काय आहे हे त्याने नीट पाहिलेलंच नसतं. कवितेकडे बघतो तसं एका शिपायाकडे बघावं, त्याची ओळ न् ओळ लावावी, मग हात आपोआप चालू लागतो. म्हणून इथे एकच शिपाई घेतो आणि तो वाचतो.

हा शिपाई आहे नेपोलियनच्या पायदळातला, 1807 ते 1814 या काळातला, पेरी मिनिएचर्सच्या प्लास्टिकच्या खोक्यातला. अशा एका खोक्यात चाळीसच्या आसपास शिपाई येतात, म्हणजे टेबलावरची एक भरभक्कम बटालियन. अॅलन आणि मायकल पेरी हे जुळे भाऊ इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे. सिटाडेल आणि गेम्स वर्कशॉप या मिनिएचर कंपन्यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं मूर्ती घडवल्या, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या मिनिएचर्ससुद्धा त्यांच्याच हातच्या. 1996 मध्ये फ्रान्समधल्या क्रेसी इथे जुन्या लढाईचा देखावा सादर होत असताना तोफेच्या अपघातात मायकल यांनी उजवा हात गमावला. त्यानंतर ते डाव्या हाताने मूर्ती घडवायला शिकले आणि आजही घडवतात. ‘आज मूड नाही’ असं म्हणून ब्रश खाली ठेवताना मला हे हमखास आठवतं, आणि बहुतेक वेळा ब्रश पुन्हा उचलला जातो.

मूर्तीची उंची अठ्ठावीस मिलिमीटर. बोटाच्या दोन पेरांवर मावेल एवढा हा माणूस. पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की तो प्रमाणात नाही. मुठी मोठ्या आहेत, बंदुकीची नळी जाड आहे, कोटाच्या घड्या खऱ्या कापडाला पडतील त्यापेक्षा खोल आहेत. हे सगळं जाणूनबुजून केलेलं आहे. अशा प्लास्टिक शिपायाची मूळ प्रत तिप्पट आकारात घडवतात आणि मग ती लहान करून साच्यात उतरवतात. शिल्पकाराला पक्कं ठाऊक असतं की हा माणूस टेबलाशी उभं राहून, हातभर अंतरावरून बघितला जाणार आहे. त्या अंतरावर खरी घडी दिसत नाही, वाढवलेली घडी दिसते. म्हणजे रंगवणाऱ्याचं निम्मं काम शिल्पकाराने आधीच करून ठेवलेलं आहे. वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, कोटावर सोडला की तो आपणहून घड्यांच्या तळाशी उतरतो आणि उंचवटे उजळ राहतात. शिल्पकाराने जागा केलेली नसेल तर रंग उतरणार कुठे?

हा अंतराचा हिशेब आपल्याकडेही जुना आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा घ्या. चेहऱ्याला एक हात, पागोट्याला एक हात, डोळ्यांचे दोन ठिपके आणि मिशीची एक रेघ. हातात घेतला तर ओबडधोबड वाटतो, अळिवाच्या हिरवळीत बुरुजापाशी उभा केला की पहारा देऊ लागतो. रंगवणाऱ्याला किती सांगायचं आणि किती सोडून द्यायचं हे नेमकं माहीत असतं.

डोळ्यांचा प्रश्न इथेच सुटतो. नवखा माणूस चाळीसच्या चाळीस शिपायांचे डोळे रंगवायला बसतो, पांढरा ठिपका, त्यावर काळा ठिपका. दहाव्या शिपायाला हात थकतो आणि सगळी फौज दचकल्यासारखी दिसते. माझं मत स्पष्ट आहे: पायदळाच्या रांगेतल्या शिपायाचे डोळे रंगवू नयेत. शॅको या उंच टोपीच्या पुढच्या झापेखाली सावली असते, ती सावली गडद तपकिरीत ठेवावी. अंतरावरून बघणाऱ्याची नजर त्या सावलीत डोळे स्वतःच घालते. नाक, गालाची हाडं आणि हनुवटी एवढं उजळलं की चेहरा पुरा होतो.

आता गणवेश. निळा कोट, छातीवर पांढरे पट, मागे दुमडलेले पांढरे पदर, कॉलरला आणि मनगटाशी लाल. शॅकोच्या माथ्यावर एक छोटा गोंडा, वाटाण्याहूनही कितीतरी लहान. पण या शिपायाचा पत्ता याच गोंड्यात लिहिलेला आहे. 1808 च्या पुनर्रचनेनंतर फ्रेंच बटालियनमध्ये सहा कंपन्या झाल्या, चार फ्युझिलियरांच्या, एक ग्रेनेडियरांची आणि एक व्होल्टिजरांची. कंपनीत माणसं 140. फ्युझिलियरांच्या पहिल्या कंपनीचा गोंडा गडद हिरवा, दुसरीचा आकाशी, तिसरीचा केशरीकडे झुकणारा, चौथीचा जांभळा. ग्रेनेडियरांच्या खांद्यावर लाल झुपके. व्होल्टिजर म्हणजे चपळ, बुटके, पुढे धावून गोळीबार करणारे, त्यांची कॉलर पिवळी. ब्रशच्या टोकाने आकाशी रंगाचा एक ठिपका ठेवला की हा ‘कुणी एक फ्रेंच शिपाई’ राहत नाही, तो दुसऱ्या कंपनीतला होतो. त्याची रांगेतली जागा ठरते आणि शेजारी कोण उभा राहणार हेही ठरतं.

तरीही मला सर्वांत आवडते ती त्याची पाठ. खेळणाऱ्याला आपली फौज नेहमी पाठमोरीच दिसते, तोंड शत्रूकडे असतं. त्यामुळे ज्या बाजूला आपण तासन्‌तास बघणार आहोत तिथे काय आहे हे पाहण्यासारखं आहे. तिथे पाठपिशवी आहे. फ्रेंच शिपायाची पाठपिशवी केस न काढलेल्या गाईगुरांच्या कातड्याची असे. गुरं सगळी एका रंगाची नसतात, त्यामुळे पिशव्याही नसत. एक तांबूस, एक काळपट, एक पांढऱ्या ठिपक्यांची, एक करड्या रंगाची. वर ओव्हरकोटाची गुंडाळी, पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेली. खाली बघावं तर विजारी. परेडवर सगळ्यांच्या पांढऱ्या, पण मोहिमेत कापड फाटलं की जे मिळेल ते वापरलं जाई. स्पेनमध्ये लढलेल्या कितीतरी फ्रेंच शिपायांच्या विजारी तिथल्याच तपकिरी कापडाच्या होत्या. म्हणजे नियमाने एकसारख्या केलेल्या या माणसाकडे स्वतःचं असं काय उरलं, तर पाठीवरची पिशवी आणि ठिगळाची विजार. तीच दोन ठिकाणं रंगवणाऱ्याला मोकळी सोडलेली आहेत. चाळीस निळे कोट रंगवताना जो जीव कंटाळतो तो चाळीस पिशव्यांपाशी पुन्हा ताजा होतो, कारण तिथे दर वेळी नवा निर्णय घ्यायचा असतो.

फौज अर्धवट कुठे सुटते हेही सांगायला हवं. निळे कोट पुरे झाल्यावर आणि पांढरे पट्टे सुरू होण्याआधी. छातीवरून जाणारा तो तिरका पट्टा सगळ्यांच्या अंगावर असतो आणि पांढरा रंग निळ्यावर नीट बसत नाही. एका हातात पुसट दिसतो, दोन हातांत दाट थर साचतो. उपाय असा, की आधी पट्टा पूर्ण फिक्या राखाडीने रंगवावा आणि मग मधोमध पांढरी रेघ ओढावी, कडेला राखाडी किंचित दिसू द्यावी. पट्टा उठून दिसतो आणि सावलीही मिळते. सात-आठ शिपाई एका ओळीत ठेवून हे केलं की हाताला लय सापडते. अभंगात ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं, शब्द तेच असतात, पण प्रत्येक कडव्यानंतर त्याचा अर्थ थोडा भरत जातो. पांढरा पट्टा हे बटालियनचं ध्रुपद आहे. एकट्या शिपायावर तो नुसता पट्टा असतो. चाळीस जण शेजारी उभे राहिले की त्या तिरक्या रेघांची एक ओळ तयार होते आणि टेबलाच्या पलीकडूनही पायदळ ओळखू येतं. एकच मूर्ती प्रदर्शनासाठी रंगवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण फौज रंगवणं हा वेगळा प्रकार आहे. तिचं सौंदर्य समूहाचं असतं, आणि ते शेवटचा शिपाई रांगेत उभा राहीपर्यंत दिसत नाही. म्हणूनच अर्ध्यावर बघून निराश होणं इतकं सोपं आहे.

1959 पासून ब्रिटनमध्ये एअरफिक्सचे छोटे प्लास्टिक शिपाई मिळू लागले आणि एका पिढीने त्यांच्यावर आपल्या फौजा उभ्या केल्या. ते प्लास्टिक मऊ, वाकणारं. भाला वाकला की त्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटे. महिनाभराचं काम खोक्यात ठेवता ठेवता गळून पडलेलं पाहूनही ती माणसं रंगवत राहिली. आज टणक प्लास्टिक आहे, प्रायमर आहे, 2019 मध्ये सिटाडेलने आणलेले कॉन्ट्रास्ट रंग आहेत, जे एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही देतात. साधनं नसल्याची सबब आता उरलेली नाही.

नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळणारे टेबलावर भारतातही येतात, आणि ते जिथे येतात ते गाव आपलं आहे. जालना जिल्ह्यातलं असई. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या जमिनीवर आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, याची फौज दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेशी भिडली. शिंद्यांची पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखालची पायदळ पलटणं युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेली, आणि सोबत मोठं मराठी घोडदळ. ही फौज रंगवणाऱ्याची परीक्षा उलट्या दिशेने घेते. फ्रेंच बटालियनमध्ये एकसारखेपणात वेगळेपण शोधायचं, मराठी घोडदळात वेगळेपणात एकी शोधायची. दोन स्वारांची पागोटी एका रंगाची नाहीत, अंगरखे नाहीत, घोडे नाहीत. हवे तसे रंग लावत गेलं तर जत्रा दिसते, फौज दिसत नाही. इथे रंगाऱ्याच्या कुंडात डोकावावं. नीळ, मंजिष्ठेचा लाल, हळदीचा पिवळा, गेरू, आणि धुवट ते मळकट अशा पांढऱ्याच्या छटा. एवढेच रंग घेऊन ते फिरवत राहायचं. मग पन्नास स्वार पन्नास तऱ्हांचे राहतात आणि तरीही एकाच मुलखातून आलेले वाटतात.

या छंदाच्या इतिहासात चिकाटीची जी सर्वांत मोठी गोष्ट आहे ती खेळाची नाही. विल्यम सिबोर्न या ब्रिटिश लेफ्टनंटला 1830 मध्ये वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचं काम मिळालं. तो ला हे सेंत या शेतवाडीत आठ महिने राहिला आणि जमिनीचा उंचसखलपणा मोजला. लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रं धाडली. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर शत्रू कसा उभा होता, आणि तुमच्या पायाखालच्या शेतात कोणतं पीक होतं? हा शेवटचा प्रश्न वाचून मी थांबलो होतो. सरकारने पैसे थांबवले, त्याने स्वतःचे आणि उसने घातले. 1838 मध्ये सत्तर हजारांहून अधिक शिपायांची ती प्रतिकृती लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये लोकांपुढे आली. प्रशियाच्या सैन्याला त्याने दिलेली जागा वेलिंग्टनच्या बाजूला रुचली नाही आणि पुढे त्याला हजारो प्रशियन शिपाई काढून टाकावे लागले. 1849 मध्ये तो गेला. प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. शिपायाच्या तळाला वाळू चिकटवून त्यावर गवत लावताना मी सिबोर्नचा प्रश्न विचारतो, इथे कोणतं पीक? वॉटर्लूच्या आसपास जून महिन्यात राय पुरुषभर उंच उभी होती. ती लावली की तळ हे नुसतं उभं राहायचं साधन राहत नाही, त्याला स्थळ-काळ मिळतो.

सिबोर्न जवळजवळ एकटा होता आणि त्याची किंमत त्याने मोजली. जून 2019 मध्ये ग्लासगो विद्यापीठाने तीच लढाई टेबलावर मांडली, तेव्हा चित्र वेगळं होतं. अठ्ठावीस मिलिमीटरचे बावीस हजारांहून अधिक शिपाई, आणि ते रंगवणारे हात कितीतरी घरांतले. त्यातून मिळणारा निधी ‘वॉटर्लू अनकव्हर्ड’ या संस्थेसाठी होता. ही संस्था युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना सोबत घेऊन वॉटर्लूच्या मैदानावर उत्खनन करते. रंगवलेला शिपाई शेवटी खऱ्या शिपायापर्यंत पोचला. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या सैनिकांचं पुस्तक लिहिलं, त्याच्या शेवटीही तो खऱ्या युद्धाच्या विरोधातच उभा राहतो. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. एखाद्याची पाठपिशवी रंगवण्यात संध्याकाळ घालवली की खऱ्या पिशव्या कुठे कुठे पडल्या असतील हा विचार टळत नाही, आणि टळू नये.

तेव्हा ज्याच्या कपाटात खोकी पडून आहेत त्याला माझं सांगणं एवढंच. पूर्ण फौजेचा विचार आज करू नका. एक शिपाई काढा, त्याची कंपनी ठरवा, गोंडा रंगवा, मग त्याला पाठमोरा फिरवा आणि पिशवी कोणत्या गाईची आहे ते ठरवा. तो एक पुरा करूनच दुसऱ्याला हात लावा, पुढचे सात-आठ मग ओळीत घ्या. आणि समोर खेळायला बसणाऱ्या मित्राला फोन करून लढाईची तारीख आजच पक्की करून टाका.