एक अश्रू, चार वेळा

आमच्या चिखलीत पुतणीचं लग्न झालं आणि महिन्याभराने त्याची फिल्म घरी आली. बँकेत एकच व्हाउचर दोनदा पोस्ट झालं तर ऑडिटर मानगूट धरतो. इथे पाठवणीचा तोच अश्रू, त्याच गालावरून, मी चार वेळा ओघळताना मोजला! तीच सनई, त्याच जागी अडखळणारी, सहा वेळा.

१९६० साली पुण्यात प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, त्या काळी संकलक फिल्म प्रत्यक्ष कापून जोडत. तोच शॉट पुन्हा हवा, तर निगेटिव्हवरून नवी प्रिंट काढावी लागे. पैसे पडत, म्हणून माणूस आधी विचार करी. आता कॉपी, पेस्ट, झालं! तीही खरी प्रत नव्हेच, मूळ फाइलकडे दाखवलेलं नुसतं बोट. फुकट मिळालं की हात आवरत नाही. पंगतीतल्या जिलबीलाही हाच नियम.

हे सगळं त्या फिल्मवाल्या पोराला सुनवायला निघालो, तर आई म्हणाली, "अरे, ह्यांचं अक्षता टाकणं एकदाच दिसतं. आणखी एकदा लावायला सांग ना."

बाबा लग्नानंतर आठ दिवसांनी गेले.

पोराला म्हटलं, "अश्रू तीन कमी कर, अक्षता एकदा वाढव."

त्याने दोन बटणं दाबली. तेवढी एक दुबार नोंद मी न तपासता पास केली.