विमानवेड्याचें स्वप्न

जुन्या लढाऊ विमानांवर ज्याचा जीव जडला, त्यास एका प्रश्नाचें उत्तर केव्हांना केव्हां द्यावेंच लागतें. जी वस्तु माणसें मारण्याकरितां घडविली गेली, तिला सुंदर म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे काय? इंग्लंडांत ओल्ड वॉर्डन येथें जुनीं विमानें आकाशांत झेपावतांना पाहण्यास लोक मुलाबाळांसह जमतात. अमेरिकेंत चीनो येथील संग्रहालयानें दुसऱ्या महायुद्धांतील एक जपानी ‘झीरो’ त्याच्या मूळच्या एंजिनासह जतन केलें असून तें उडविलेंही आहे. रसिकांनीं एखाद्या गवयाच्या आवाजाविषयीं बोलावें, तसे हे लोक एंजिनाच्या आवाजाविषयीं बोलतात. त्यांस युद्धखोर म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु तेवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं.

जपानचे विख्यात दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनीं ‘काझे ताचिनु’, म्हणजे ‘वारा सुटला आहे’, या आपल्या २०१३ सालच्या बोलपटांत हाच प्रश्न हातीं घेतला आहे. बोलपट हातानें रेखाटलेल्या चित्रांचा आहे. मियाझाकी यांचा जन्म १९४१ चा. त्यांच्या घराण्याच्या कारखान्यांत ‘झीरो’ विमानाचे भाग तयार होत. त्यांच्या ‘जिब्ली’ या चित्रसंस्थेचें नांवही एका इटालियन विमानावरून घेतलेलें आहे. असें असून हे गृहस्थ युद्धाचे कट्टर विरोधक! तेव्हां ‘झीरो’चे शिल्पकार जिरो होरिकोशी (१९०३–१९८२) यांची कथा सांगतांना त्यांनीं पुष्कळसें आपलेंच मन उघडें केलें आहे, असें आम्हांस वाटतें.

कथेंतील जिरो लहानपणापासून अधू दृष्टीचा. वैमानिक होणें शक्य नाहीं, म्हणून तो विमानें घडविणारा होतो. स्वप्नांत त्यास इटालियन विमानकर्ते कापरोनी भेटतात. जेवतांना ताटांतील माशाच्या कांट्याचा बाक पाहून त्यास पंखाचा आकार आठवतो; सपाट डोक्याच्या रिव्हेटांवर तो प्रेमिकासारखा बोलतो. नवें विमान कारखान्यांतून मैदानाकडे बैल ओढून नेतात, हें दृश्य तर त्या काळच्या जपानची सारी अवस्था एका क्षणांत सांगून जातें. एंजिनांचे आवाज मनुष्यांच्या मुखांतून काढविले आहेत, त्यामुळें विमान श्वास घेत आहे असा भास होतो. यंत्रावरील माणसाचें प्रेम इतक्या जिव्हाळ्यानें दाखविणारी दुसरी कृति आमच्या पाहण्यांत नाहीं.

एका प्रसंगीं जिरो आपल्या सहकाऱ्यांस सांगतो कीं, विमान हलकें करावयाचें तर त्यावरील तोफा काढून टाकल्या म्हणजे झालें. सारे हंसतात, आणि बोलपट पुढें सरकतो. आमच्या मतें येथेंच तो थांबावयास हवा होता. कारण १९३९ सालीं प्रथम उडालेल्या ‘झीरो’मध्यें वजन खरोखरच कमी केलें गेलें, पण तें तोफांचें नव्हे. आरमारास वेग, दूरचा पल्ला, चपळाई आणि भारी तोफा हें सर्वच हवें होतें, आणि एंजिन तर बेताच्या शक्तीचें. मग वैमानिकाच्या पाठीमागचा चिलखती पत्रा वगळला गेला. गोळी लागतां आपोआप छिद्र बुजविणारी पेट्रोलची टाकीही वगळली गेली. १९४० च्या सप्टेंबरांत चुंगकिंगच्या आकाशांत या विमानानें चिनी विमानांचा धुव्वा उडविला. पुढें शत्रूचीं विमानें सुधारलीं, तेव्हां थोड्याशा गोळ्यांनीं तें पेट घेऊं लागलें. आणि १९४४ च्या आक्टोबरापासून वैमानिकासह शत्रूच्या जहाजांवर आदळविलें जाऊं लागलें. ज्या हलकेपणास आपण सौंदर्य म्हणतों, त्याची किंमत अशी आगाऊच ठरून गेली होती.

बोलपटांतील प्रत्यक्ष कथा मात्र १९३५ सालच्या एका आधींच्या विमानाच्या चांचणीपाशीं संपते. त्यानंतर एकदम स्वप्नांतील भग्न विमानांचा ढीग दिसतो, आणि एकही विमान परत आलें नाहीं असें जिरो खिन्नपणें सांगतो. चुंगकिंग नाहीं, युद्धकाळांत नागोयाच्या विमानकारखान्यांत राबविलेल्या कोरियन मुलीही नाहींत. जिरोस जेवढें दिसलें तेवढेंच बोलपट दाखवितो, असा यावर बचाव करतां येईल. तो वजनदार आहे. नायकाचा चष्मा कांहीं उगाच नाहीं. परंतु क्षयानें खंगणाऱ्या पत्नीच्या बाबतींत मियाझाकी असे थांबत नाहींत. एका हातानें तिचा हात धरून, दुसऱ्या हातानें आराखडा काढीत, तिच्याच खोलींत सिगारेट ओढणारा जिरो ते आपणांस दाखवितात. त्याच्या ध्यासाची किंमत दुसरें माणूस देत आहे, हें जिरोस कळो न कळो, आपणांस कळतें. ही पत्नीची कथा होरिकोशींच्या चरित्रांतली नव्हे; ती तात्सुओ होरी यांच्या कादंबरीवरून घेतली आहे. कल्पित पत्नीस जो न्याय मिळाला, तो खऱ्या वैमानिकांस आणि त्यांच्याखालीं सांपडलेल्या नगरांस मिळूं नये, ही उणीव आम्हांस मोठी वाटते.

तरीही हा बोलपट आमच्या वाचकांनीं अवश्य पाहावा; जाणत्या मुलांस बरोबर घेऊन पाहावा, आणि घरीं आल्यावर त्यांच्याशीं बोलावें. विमानावर प्रेम करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. संग्रहालयांत त्या सुबक यंत्रापुढें उभें राहणाऱ्यानें पंखाचा बाक डोळे भरून पाहावा. मग वाकून आंत, वैमानिकाच्या बैठकीमागें, जेथें पत्रा असावयास हवा होता ती रिकामी जागाही पाहावी. दोन्हीं पाहून जें प्रेम टिकेल, तें खरें.