बाहेरची सून, घरातला निवाडा

तुंगार्लीत जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर अजूनही पारशी आडनावे दिसतात. लोणावळ्याच्या बाजारात कूपरच्या फजसाठी रांग लागते, आणि आमच्या शेजारचे वलवण धरण तर टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचेच. प्रकल्पाची पायाभरणी १९११ ची. त्या काळी टाटा अँड सन्सचे एक भागीदार होते रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जे. आर. डी. यांचे वडील. त्यांनी १९०२ मध्ये सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केले. नवजोत करून तिला जरथुश्त्री धर्मात घेतले, सूनी हे नाव दिले. मग प्रश्न उभा राहिला : या सुनेला अग्यारीत पाऊल टाकता येईल का, आणि मेल्यावर दोखम्यात जागा मिळेल का? वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १९०८ मध्ये निकाल लागला.

रोहिंटन मिस्त्री यांची ‘फॅमिली मॅटर्स’ (२००२) ही कादंबरी मी या निकालाच्या सोबतीने वाचावी असे म्हणतो. कादंबरीवर लिहिणारे बहुतेक जण आजारपण, म्हातारपण आणि सेवा यांवर थांबतात. तो भाग मोठा आहेच. पण तिच्या मुळाशी एक मोडलेले लग्न आहे, आणि ते नेमके कोणी मोडले हे समजून घ्यायला न्यायालयाचा कागद उपयोगी पडतो.

निकाल देणाऱ्या दोघांत एक न्या. बीमन आणि दुसरे न्या. दिनशा दावर. तेच दावर, ज्यांनी त्याच वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. मराठी वाचकाच्या मनात ते तिथेच थांबलेले असतात. पारशी घरांत त्यांची आठवण वेगळ्या कारणाने निघते. पारशी कोण, याची त्यांनी व्याख्या केली : इराणहून आलेल्या मूळ स्थलांतरितांचे जरथुश्त्री वंशज, पुढे येथे आलेले जरथुश्त्री इराणी, आणि पारशी पित्याला परकीय स्त्रीपासून झालेली, रीतसर धर्मात घेतलेली मुले. पारशी आईच्या, परक्या बापाच्या मुलांना यात जागा नाही. वकील मंडळी सांगतात की हे विवेचन निकालाला केवळ अनुषंगिक होते. असेल, समाजाने ते शतकभर नियम म्हणून चालवले.

आता कादंबरीकडे वळू. नरिमन वकील इंग्रजीचे प्राध्यापक. लूसी ब्रगांझा या गोव्याकडच्या ख्रिस्ती मुलीवर त्यांचे प्रेम. आईवडील बरीच वर्षे अडून बसतात, आणि अखेर बेचाळिशीतले नरिमन हार मानून दोन मुलांची आई असलेल्या यास्मिन या पारशी विधवेशी लग्न करतात. पुढे जे घडते ते भीषण आहे. लूसी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आया म्हणून कामाला राहते आणि एके दिवशी गच्चीवरून ती आणि यास्मिन दोघीही खाली पडून मरतात.

माझा मुद्दा असा. दावरांच्या व्याख्येप्रमाणे नरिमन आणि लूसीची मुले, नवजोत झाल्यावर, पारशीच ठरली असती. लूसी बाहेर राहिली असती, मुले नाही. म्हणजे ज्या ‘वंश बुडेल’ या भीतीपोटी हे लग्न मोडले, ती भीती समाजाच्या स्वतःच्याच नियमाला धरून नव्हती. मग आईवडिलांना राखायचे होते काय? उत्तर मिस्त्रींनी फार साधेपणाने दिले आहे. वकिलांच्या घरी दर रविवारी संध्याकाळी मित्रमंडळी जमतात, आणि मुलाने लूसीला सोडले म्हणताच त्या बैठकीत आनंद पसरतो. दबाव म्हणतात तो हा. त्यात धमकी नाही, वाळीत टाकणे नाही. दिवाणखान्यात चहा घेत बसलेली, मुलाचे भलेच चिंतणारी चार माणसे आहेत. त्यांच्यासमोर मान खाली जाऊ नये म्हणून दोन बायकांचे आणि एका पुरुषाचे आयुष्य मोडते. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य इतके झिजले आहे की त्यातले ‘लोक’ कोण, हे विचारायचे आपण सोडून दिले. मिस्त्री ते लोक खुर्च्यांवर बसवून दाखवतात.

मुलीच्या बाबतीत तर नियमाची साथही होती. गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, बाहेर लग्न केलेली पारशी स्त्री नवऱ्याच्या धर्मात गेली असे मानले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर, डिसेंबर २०१७ मध्ये वलसाडच्या अंजुमनने तिला आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ देण्याची तयारी दाखवली. आईबापाचे शेवटचे दर्शन घेण्यासाठी घटनापीठापर्यंत जावे लागते, यावर वेगळे भाष्य नको.

कादंबरीचा सर्वांत जाणता भाग मात्र शेवटी येतो. नरिमनचा जावई येझद हा आरंभी कर्मठांची टर उडवणारा, हसतमुख माणूस. पैशाची ओढाताण, मालकाचा खून, घरातले आजारपण यांनी तो खचतो आणि अग्यारीत शांतता शोधतो. ती त्याला मिळतेही. मिस्त्री या श्रद्धेची चेष्टा करत नाहीत, हे महत्त्वाचे. पण पाच वर्षांनंतरच्या उपसंहारात हाच येझद थोरल्या मुलाला, मुरादला, पारशी नसलेल्या मैत्रिणीवरून दटावताना दिसतो. तेही सासऱ्याच्याच घरात, जिथे एकेकाळी रविवारची ती बैठक भरायची.

हे कादंबरीकाराने रचलेले योग वाटतील, तर इतिहास पाहावा. १९०८ च्या खटल्यात पंचायतीच्या विश्वस्तांविरुद्ध उभे राहिलेल्या वादींत सर दिनशा पेटिट होते. त्यांच्याच मुलीने, रतनबाईने, बॅरिस्टर जिनांशी लग्न करायचे ठरवले तेव्हा त्यांनी न्यायालयातून मनाई आणली. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत थांबली आणि एप्रिल १९१८ मध्ये लग्न झाले. पुढे जिनांची मुलगी दीना नेव्हिल वाडियांशी लग्न करायला निघाली, तेव्हा विरोध करणारे होते जिना. ते लग्न १९३८ मध्ये झाले. येझद यांच्याच पंक्तीतला.

तुर्की वंशाच्या जर्मनांवरचा फातिह आकिनचा ‘गेगेन डी वांड’ (२००४) हा चित्रपट येथे आठवतो. हँबुर्गची सिबेल घरच्यांच्या पहाऱ्यातून सुटण्यासाठी जाहितशी नावापुरते लग्न करते. तो दारुडा आहे, वयाने बराच मोठा आहे; पण तुर्क आहे, म्हणून घरचे होकार देतात. १९६१ च्या करारानंतर कामासाठी जर्मनीत गेलेल्यांची ही पुढची पिढी, आणि इराण सोडून हजारावर वर्षे झालेले पारशी. काळ इतका वेगळा, तरी जावयाची परीक्षा एकाच निकषावर. फरक एवढाच की सिबेल नियमाचाच वापर करून निसटू पाहते; नरिमनला ते सुचत नाही.

कादंबरीत एक उणीव आहे आणि ती मला खटकते. लूसीच्या घरचेही या लग्नाविरुद्ध होते, पण त्यांना पानेच मिळत नाहीत. तिथे रविवारी कोण जमत होते, ते आपल्याला दिसत नाही. यास्मिन तर जवळजवळ मुकीच आहे. आपल्याला कोणाच्या जागी आणले आहे हे कळलेल्या बाईचा संताप मिस्त्रींना लिहिता आला असता. पारशी पुरुषाच्या दुःखाला त्यांनी जो धीर दिला, त्याचा थोडा वाटा तिला हवा होता.

जनगणनेत पारशी २००१ मध्ये ६९,६०१ होते आणि २०११ मध्ये ५७,२६४. कादंबरीतले डॉ. फिटर आणि इन्स्पेक्टर मसालावाला याच घटत्या संख्येवर अचाट उपाय सुचवत बसतात. तो भाग वाचताना हसू आवरत नाही. तेवढ्यात पलीकडे नरिमन अंथरुणाला खिळलेले असतात, आणि झोपेत त्यांच्या तोंडून लूसीचे नाव निघते.