अक्षर आधीं कीं अर्थ आधीं?

मिसरी चित्रलिपीच्या वाचनाचें सारें श्रेय रोझेटा येथील शिलालेखास देण्याची रूढि आम्हांस मान्य नाहीं. दोन भाषांचा व तीन लिप्यांचा हा लेख इ. स. १७९९ त सांपडला. वाचनाची किल्ली मात्र १८२२ त मिळाली. उणीव साधनाची नव्हती, दृष्टीची होती. सतराव्या शतकांत कॉप्टिकचा व्यासंगी किर्खेर यानेंही चित्राचित्रांत गूढार्थच पाहिला. शांपोल्यों यानें मोजदाद केली: ४८६ ग्रीक शब्दांस १४१९ चित्रचिन्हें! अर्थात् प्रत्येक चिन्ह स्वतंत्र शब्द असणें शक्य नव्हतें. टॉलेमी, क्लिओपात्रा या नांवांवरून त्यानें ध्वनि ठरविले. कॉप्टिकच्या आधारें अर्थ लाविला. संदिग्ध मोडी अक्षरांच्या जागीं इष्ट अर्थ कल्पून पाठ छापणाऱ्यांनीं हा क्रम ध्यानीं धरावा, एवढीच आमची विनंति.