अर्धा वाचलेला बाल्डविन आणि अर्धी समता

जेम्स बाल्डविन हे नाव मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. दलित साहित्याच्या चळवळीने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आपले नाते सांगितले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या ओघात रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, बाल्डविन ही नावे आपल्या समीक्षेत आली. मात्र बाल्डविनचा उल्लेख होतो तो प्रामुख्याने वर्णद्वेषाविरुद्ध लिहिणारा निबंधकार म्हणून. तो समलिंगी होता, त्याने त्या अनुभवावर कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यासाठी त्याला स्वकीयांकडूनही बरेच सोसावे लागले, ही बाजू आपण सहसा ओलांडून पुढे जातो.

२०२४ साली त्याच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्याच्या मृत्यूनंतरच्या, म्हणजे १९८७ नंतरच्या काळात अमेरिकेत समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली. वर्णसमतेच्या बाबतीत मात्र मिळालेले काही हक्कही आकुंचित झाले. एकाच देशात, एकाच न्यायालयात एक हक्क धावत पुढे जातो आणि दुसरा मागे रेटला जातो, हे कसे होते? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर बाल्डविनच्या लेखनात सापडते. त्यासाठी त्याला पूर्ण वाचावे लागते, एवढीच अट आहे.

बाल्डविनची 'जिओव्हानीज रूम' ही कादंबरी १९५६ साली प्रसिद्ध झाली. त्याची पहिली कादंबरी हार्लेममधील कृष्णवर्णीय कुटुंब आणि चर्च यांच्यावर होती. प्रकाशकांना तशीच दुसरी हवी होती. त्याने लिहिली ती पॅरिसमध्ये राहणाऱ्या एका गोऱ्या अमेरिकन तरुणाची आणि एका इटालियन बारमनची प्रेमकथा. तिच्यात एकही कृष्णवर्णीय पात्र नाही. आधीच्या प्रकाशकाने ती नाकारली. त्या काळात वर्ण आणि समलिंगी प्रेम ही दोन्ही ओझी एकाच पुस्तकात पेलणे आपल्याला शक्य नव्हते, असे बाल्डविनने पुढे सांगितले आहे. या कादंबरीचा नायक डेव्हिड याला समाजाने फारसा छळलेला नाही. तो भितो ते स्वतःला. आपण 'साफ' आहोत हा त्याचा आग्रह आहे आणि त्या आग्रहापायी जिओव्हानीचा बळी जातो. आपण निष्कलंक आहोत या भ्रमासाठी दुसऱ्याचा जीव घेणारा माणूस हा बाल्डविनचा कायमचा विषय आहे. वर्णावरच्या निबंधांत तो गोऱ्या अमेरिकेविषयी हेच सांगतो. म्हणूनच या दोन पुस्तकांना दोन फळ्यांवर ठेवता येत नाही.

पुढच्या 'अनदर कंट्री'मध्ये (१९६२) त्याने दोन्ही ओझी एकत्र उचलली. रूफस हा कृष्णवर्णीय जॅझ वादक कादंबरीच्या पहिल्याच भागात पुलावरून उडी मारून जीव देतो. उरलेली कादंबरी त्याच्या मागे राहिलेल्या माणसांची आहे. ही कादंबरी बाल्डविनने इस्तंबूलमध्ये पूर्ण केली. अमेरिकेत श्वास कोंडला की तो तुर्कस्तानात जाऊन राही, हे मुस्लिम वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

'द फायर नेक्स्ट टाइम' (१९६३) या पुस्तकाचा तर आपल्याशी थेट संबंध येतो. त्यात शिकागो येथे 'नेशन ऑफ इस्लाम'चे नेते एलिजा मुहम्मद यांच्या घरी झालेल्या भेटीचे दीर्घ वर्णन आहे. ज्यांना कोणी माणूस मानले नव्हते अशा तरुणांना या जमातीने ताठ उभे राहायला शिकवले, हे बाल्डविन मोकळेपणाने कबूल करतो. परंतु सर्व गोरे जन्मतःच सैतान आहेत ही शिकवण तो स्वीकारत नाही. ज्या संघटनेचा राग त्याला पटतो तिचा निष्कर्ष नाकारण्याचे हे धैर्य आहे. त्याची किंमतही त्याला मोजावी लागली. ब्लॅक पँथरचे नेते एल्ड्रिज क्लीव्हर यांनी १९६८ साली आपल्या पुस्तकात त्याच्या समलिंगीपणावर जहरी टीका केली आणि तो स्वतःच्याच लोकांचा द्वेष करतो असा आरोप ठेवला.

हे एकट्या बाल्डविनचे दुर्दैव नव्हते. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाला सुमारे अडीच लाख माणसे जमली. त्या मोर्चाची सारी आखणी बायर्ड रस्टिन यांची होती. रस्टिन समलिंगी होते. १९६० साली एका कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्यानेच त्यावरून बदनामीची धमकी दिली, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना दूर होऊ दिले. आधी समाजाचा लढा, तुझे नंतर पाहू, हे वाक्य प्रत्येक अल्पसंख्य समाजात कोणाला तरी ऐकावे लागते. आपल्याकडे ते स्त्रियांनी अधिक ऐकले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत बाल्डविनने एक निरीक्षण नोंदवले. त्याचा आशय असा, की गोऱ्या समलिंगी माणसाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते, कारण ज्या समाजात तो जन्मला तो त्याला सुरक्षित ठेवणार असे गृहीत होते. कृष्णवर्णीयाला असे वचन कोणी दिलेलेच नव्हते. या विधानात कोणाच्या दुःखाची प्रतवारी लावलेली नाही. वचनभंगाची तक्रार आणि वचनच नसल्याची तक्रार यांची सुनावणी वेगवेगळी होते, एवढेच त्यात म्हटले आहे. पुढच्या चाळीस वर्षांत ते किती खरे ठरले ते पाहू.

२५ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर' खटल्यात १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणा मोडला. मतदानात भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. कोणत्या राज्यांना ही अट लागू करायची ते ठरवणारे सूत्र आता जुने झाले, असे न्यायालयाने म्हटले. पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखे हे आहे, असे न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्नमत नोंदवताना सुनावले. निकालानंतर काही तासांतच टेक्सासने मतदारांना ओळखपत्राची सक्ती करणारा, तोवर अडलेला कायदा अमलात आणण्याची घोषणा केली. आणि दुसऱ्याच दिवशी, २६ जूनला, त्याच न्यायालयाने 'विंडसर' खटल्यात समलिंगी विवाहांना केंद्रीय मान्यता नाकारणारी १९९६ च्या कायद्यातील तरतूद रद्द केली. दोन्ही निकाल पाच विरुद्ध चार असे होते. दोन्ही दिवशी बहुमतात असलेले एकमेव न्यायमूर्ती होते अँथनी केनेडी.

'विंडसर' खटल्याचा तपशील बोलका आहे. एडिथ विंडसर आणि थिया स्पायर या दोघी जवळजवळ आयुष्यभर एकत्र राहिल्या आणि २००७ साली कॅनडात विवाहबद्ध झाल्या. २००९ साली थिया वारल्या. पत्नी म्हणून मान्यता नसल्याने एडिथ यांना वारसाहक्कापोटी ३,६३,०५३ डॉलर कर भरावा लागला. निकाह हा करार आहे आणि त्यातून मेहर, वारसा असे रोकडे हक्क निर्माण होतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्या मुस्लिम वाचकाला विवाह हा मालमत्तेचाही प्रश्न असतो हे सांगावे लागणार नाही. एडिथ यांच्यावर अन्यायच झाला होता आणि तो दूर झाला हे उचित झाले. पण वारसाहक्काचा उपयोग वारशात काही असेल त्याला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार मध्यम गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४४,९००. हा फरक आळसाने पडलेला नाही. १९३० च्या दशकापासून सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या, तिथे घरकर्ज धोक्याचे ठरले, आणि घर हीच तर सामान्य कुटुंबाची खरी दौलत असते.

विवाहाचा हक्क देताना गोऱ्या, संपन्न समाजाला आपल्या खिशातून फारसे काही काढून द्यावे लागले नाही. वर्णसमता मात्र घर मागते, शाळा मागते, मतदारसंघ मागते. आणखीही एक कारण आहे. समलिंगी मूल कोणाच्याही घरी जन्माला येते. ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांनी मार्च २०१३ मध्ये समलिंगी विवाहाला पाठिंबा जाहीर केला, तो आपला मुलगा समलिंगी आहे हे कळल्यानंतर. बाप बदलला ही चांगलीच गोष्ट आहे. पण गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय मुलाचे दुःख सिनेटरच्या जेवणाच्या टेबलावर असे येऊन बसत नाही. गॅलप संस्थेच्या पाहणीत १९९६ साली समलिंगी विवाहाला २७ टक्के अमेरिकनांचा पाठिंबा होता, २०२३ साली तो ७१ टक्के झाला. लोकमताचा हा वेग घरांच्या आत तयार झाला.

या वेगात एक कृतघ्नताही शिरली. ४ नोव्हेंबर २००८ रोजी बराक ओबामा निवडून आले आणि त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी समलिंगी विवाह बंद पाडणारा प्रस्ताव मंजूर केला. दोष लगेच कृष्णवर्णीयांच्या माथी मारला गेला. त्यांच्यापैकी ७० टक्क्यांनी प्रस्तावाच्या बाजूने मत दिले, हा मतदानोत्तर पाहणीतला आकडा गाजला. पुढील अभ्यासात तो ५८ टक्क्यांच्या आसपास निघाला आणि वर्णापेक्षा चर्चला नियमित जाण्याचा संबंध अधिक दिसला. मागासलेपणाचा शिक्का असा चटकन उमटतो. आपल्या समाजाला तो चांगला ओळखीचा आहे. शिवाय समलिंगी विवाहाच्या हक्काचा पायाच कृष्णवर्णीयांच्या लढ्यात होता. मिल्ड्रेड ही कृष्णवर्णीय स्त्री आणि रिचर्ड लव्हिंग हा गोरा पुरुष यांचा विवाह व्हर्जिनियात गुन्हा ठरला होता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. २०१५ च्या 'ओबर्गेफेल' निकालाने याच निकालाचा आधार घेतला. २००७ साली मिल्ड्रेड यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या निवेदनात समलिंगी विवाहाला पाठिंबा होता. देणेकऱ्याने मोठे मन दाखवले, घेणाऱ्याला मात्र विसर पडला.

'ओबर्गेफेल'चा निकाल लागला तो दिवस २६ जून २०१५. त्याच दुपारी ओबामा चार्ल्सटनमध्ये होते. नऊ दिवसांपूर्वी तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने नऊ जणांना गोळ्या घालून ठार केले होते. तिथल्या पाद्रींना निरोप देताना राष्ट्राध्यक्ष शोकगीत गायले आणि रात्री व्हाइट हाउस इंद्रधनुष्याच्या रंगांत उजळले. चार्ल्सटनच्या शोकसभेत बसलेल्या एखाद्या समलिंगी कृष्णवर्णीय माणसाने त्या दिवशी आनंद करावा की मातम? हा प्रश्न बाल्डविनच्या कादंबरीतला वाटतो.

मिळालेले तरी पक्के आहे काय? २०२२ साली गर्भपाताचा हक्क काढून घेताना न्यायमूर्ती क्लेरन्स थॉमस यांनी 'ओबर्गेफेल'चाही फेरविचार व्हावा असे लिहिले. ते स्वतः कृष्णवर्णीय, पत्नी गोरी, आणि त्यांच्या यादीत 'लव्हिंग' निकालाचे नाव नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काँग्रेसने दोन्ही प्रकारच्या विवाहांना एकाच कायद्याने संरक्षण दिले. पुढे २९ जून २०२३ रोजी न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशांत वर्णाचा विचार करण्यास मनाई केली आणि दुसऱ्या दिवशी समलिंगी विवाहाची संकेतस्थळे तयार करण्यास नकार देण्याचा हक्क एका व्यावसायिक स्त्रीला दिला. दहा वर्षांपूर्वी त्या दोन दिवसांनी दोन रस्ते दाखवले होते. या वेळी दोघांनाही एकाच रस्त्याने मागे आणले.

बाल्डविनमध्ये सारेच काही आहे असा माझा दावा नाही. त्याच्या कादंबऱ्यांतल्या स्त्रिया बऱ्याचदा पुरुषांच्या दुःखाच्या साक्षीदार होऊन राहतात. १९८४ साली झालेल्या एका संवादात कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी, कृष्णवर्णीय पुरुष आपल्या स्त्रियांवर करतो त्या हिंसेचे काय, असे त्याला थेट विचारले आणि बाल्डविन तिथे अडखळलेला दिसतो. 'गे' या शब्दाशीही त्याचे पुरते जमले नाही. तरीही दोन अन्याय एकाच देहात कसे राहतात हे त्याच्याइतके स्पष्ट फार थोड्यांनी लिहिले.

समलिंगी विवाहाविषयी आपल्यापैकी बहुसंख्यांची धार्मिक धारणा ठाम आहे आणि ती बदलावी म्हणून हा लेख लिहिलेला नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चचीही धारणा पुष्कळशी अशीच होती. प्रश्न एवढाच, की बहुसंख्यांच्या श्रद्धेच्या मापाने आमचे नागरिकत्व मोजू नका असे आपण राज्याला सांगतो, तेव्हा तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची आपली तयारी आहे का? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्या खटल्यात ज्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा कीस निघाला, त्याच कायद्याखाली हिंदू-मुस्लिम जोडपी तीस दिवसांची नोटीस लावून जीव मुठीत धरून थांबतात. आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करण्यासाठी समिती नेमली. मिल्ड्रेड लव्हिंगची गोष्ट आपल्याला वाटते तेवढी दूरची नाही.

समीक्षेपुरते बोलायचे तर माझी सूचना साधी आहे. मराठीत बाल्डविन आणताना 'द फायर नेक्स्ट टाइम' आणि 'जिओव्हानीज रूम' ही दोन पुस्तके शेजारी शेजारी आणावीत. एक आवडेल, एक कदाचित आवडणार नाही. पण एकाच माणसाने ती सात वर्षांच्या अंतराने लिहिली, हे तरी वाचकाला कळेल.